डिप्लोमा खरा असेलही, पण कशाचा?

‘ताई, माझी मुलगी नऊ महिन्यांची आहे. पुढच्या महिन्यात माझी रजा संपते, म्हणून तिला सांभाळायला नॅनी शोधतोय. जाहिरातीत “बालशिक्षणातला डिप्लोमा आवश्यक” असं लिहिलं होतं. सात-आठ जणींशी बोलल्यावर एक अगदी मनासारखी मिळाली. शांत आहे, हसरी आहे, मुलगी दहा मिनिटांत तिच्या मांडीवर जाऊन बसली. तिने व्हॉट्सअ‍ॅपवर माँटेसरी डिप्लोमाचा फोटो पाठवलाय, २०१७ सालचा. पण त्यावरचं आडनाव वेगळं आहे, आणि फोटोत खालचा कोपरा कापला गेलाय. मूळ कागद मागितला तर म्हणाली, “तो आईकडे आहे, आणि ती संस्था आता बंद झालीय.” नवरा म्हणतो, पोरगी रमली ना, मग कागद काय चाटायचाय? मला मात्र रात्री झोप येत नाही. पडताळणी करायची तर नेमकी कशी? तिचा अपमान न होता कशी? की मीच जास्त संशयी आहे?
– कागदात अडकलेली आई’

संशयी वगैरे काही नाही आहात तुम्ही. जिच्या हातात पोर द्यायचं तिने स्वतःबद्दल सांगितलेलं खरं आहे का, एवढंच तर विचारताय. घर भाड्याने देताना लोक याहून जास्त चौकशी करतात.

पण राग मानू नका, एक चिमटा काढते. ‘डिप्लोमा आवश्यक’ हे लिहिताना तुमच्या डोक्यात नेमकं काय होतं? माझा अंदाज, काहीच नाही. चार जाहिराती पाहिल्या, त्यांत होतं, म्हणून आपल्याही जाहिरातीत आलं. अशी अट घातली की डिप्लोमा नसलेल्यांपैकी ज्या प्रामाणिक असतात त्या फोनच करत नाहीत. उरलेल्यांतल्या काही जणी डिप्लोमा ‘आणतात’. वीस वर्षं पोरं वाढवलेली एखादी गुणी बाई तुमच्यापर्यंत पोचलीच नसेल, ती या एका ओळीमुळे. तुमची उमेदवार खोटी आहे असं मी म्हणत नाहीये. पण अट तुम्ही घातलीत आणि कागद तिने आणला, हा क्रम लक्षात असू द्या. पुढे तो कामाला येईल.

आता त्या कागदाबद्दल दोन प्रश्न आहेत. तो खरा आहे का, आणि खरा असला तर तुमच्या उपयोगाचा आहे का. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचंही मिळालं असं आपण धरून चालतो. मी उलट सुरुवात करते, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरबसल्या, फुकट मिळतं.

फोटो मोठा करून बघा. कोणत्या वयाच्या मुलांसाठीचा कोर्स, हे कुठे लिहिलंय का? माँटेसरी हे काही एका कोर्सचं नाव नाही. ही शिक्षणपद्धत घडवणाऱ्या मारिया माँटेसरींनी १९२९ साली स्थापन केलेल्या एएमआय या संस्थेचे डिप्लोमा वयानुसार वेगळे असतात: शून्य ते तीन, तीन ते सहा, सहा ते बारा. यातला सगळ्यात जास्त दिसणारा तीन ते सहाचा. तो अस्सल असला, अगदी पहिल्या नंबराने मिळवलेला असला, तरी तो बालवाडीच्या वर्गाचा आहे. नऊ महिन्यांच्या बाळाला दिवसभर सांभाळायचं म्हणजे झोपवणं, भरवणं, लंगोट बदलणं, ताप ओळखणं, आणि रांगत निघालेल्या त्या बाळाच्या मागे सतत एक डोळा. यातलं त्या कोर्समध्ये जवळपास काही नसतं. आणि माँटेसरी हे नाव कुणाच्या मालकीचंही नाही. अमेरिकेत त्यावर हक्क सांगायचा प्रयत्न झाला होता, १९६७ साली तिथल्या ट्रेडमार्क मंडळाने तो नाकारला. त्यामुळे एएमआयचा वर्षभराचा अभ्यासक्रम आणि कुणीतरी दोन शनिवारांत उरकलेलं शिबिर, दोघांच्याही कागदावर तेच नाव छापता येतं. म्हणून कोर्सचं नाव वाचून थांबू नका. एकूण तास किती, प्रत्यक्ष मुलांमध्ये काम किती, परीक्षा कुणी घेतली, हे विचारा. अमेरिकेत सीडीए नावाचं एक बालसंगोपनाचं प्रमाणपत्र आहे. त्याला १२० तासांचं शिक्षण आणि ४८० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, कोणत्या वयोगटासाठी ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि ते तीनच वर्षं चालतं. कागद कसा वाचायचा, याचा हा चांगला नमुना आहे.

‘नॅनी’ या शब्दाचंही तेच. ब्रिटनमध्ये १८९२ साली एमिली वॉर्ड यांनी नॉरलँड ही संस्था काढली, खास नॅनींना रीतसर शिकवण्यासाठी. आज तिथे तीन वर्षांची पदवी आहे, आणि त्यानंतर वर्षभर एखाद्या घरात नोकरी केल्यावर संस्थेचा वेगळा डिप्लोमा मिळतो. त्याच ब्रिटनमध्ये कसलंही शिक्षण न घेतलेली व्यक्ती उद्या सकाळपासून स्वतःला नॅनी म्हणवून घेऊ शकते, कायदा आडवा येत नाही. नोंदणीकृत नर्सचं तसं नसतं. म्हणून एखादी ‘मी नर्सिंग केलंय’ म्हणाली तर सगळ्यात सोपं: नर्सिंग कौन्सिलकडचा नोंदणी क्रमांक मागायचा आणि कौन्सिलच्या नोंदवहीत बघायचा.

बरं, आता पहिला प्रश्न. कागद खरा का?

इथे माझीच फजिती सांगते. मोठ्या मुलाच्या वेळी मी एकीचं प्रमाणपत्र हातात घेऊन बसले होते. सोनेरी शिक्का, तीन सह्या, खाली फोन नंबर. मी शहाणी, लगेच तो नंबर फिरवला. ‘तुमच्या एका विद्यार्थिनीबद्दल विचारायचं होतं,’ एवढंच बोलले, तर पलीकडचा माणूस म्हणाला, ‘हो हो, आमचीच आहे. एकदम हुशार मुलगी, मॅडम.’ मागे टीव्हीचा आवाज येत होता. मी नाव अजून सांगितलंच नव्हतं. मग मी मनाने एक नाव बनवून सांगितलं. तीही त्यांचीच निघाली. तीही हुशार.

तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे. कागदावरच्या नंबरवर फोन करायचा नाही. संस्थेचा पत्ता, ईमेल, नंबर आपण स्वतः, स्वतंत्रपणे शोधायचा. कागद खोटा छापणाऱ्याला फोन नंबर छापायला कितीसा वेळ लागतो? २०१५ साली न्यूयॉर्क टाइम्सने कराचीच्या एका कंपनीचं प्रकरण बाहेर काढलं होतं. तिने पदव्या विकण्यासाठी नुसती खोटी विद्यापीठं उभी केली नव्हती, तर त्या विद्यापीठांना मान्यता देणाऱ्या खोट्या संस्थासुद्धा उभ्या केल्या होत्या. म्हणजे तुम्ही संस्थेची चौकशी करायला जाल, तर तिथेही त्यांचाच माणूस. हल्ली प्रमाणपत्रावर क्यूआर कोड असतो, त्याचंही असंच. तो स्कॅन केल्यावर हिरवी टिकमार्क आली म्हणून खूश होऊ नका, ती कुठल्या वेबसाइटवर आली ते बघा. पत्ता अक्षर न् अक्षर वाचा.

चौकशी ईमेलने केलेली बरी, उत्तर लेखी मिळतं. आणि प्रश्न असा विचारा की समोरच्याला नुसतं ‘हो’ म्हणून सुटता येणार नाही. ‘अमुक बाई २०१७ साली तुमच्याकडून पास झाल्या का?’ असं विचारू नका. ‘या नावाची आणि या नोंदणी क्रमांकाची विद्यार्थिनी तुमच्याकडे कोणत्या कोर्सला, कधीपासून कधीपर्यंत होती, आणि कोर्स पूर्ण झाला का?’ असं विचारा. मग आलेलं उत्तर कागदाशी ताडून बघा. यासाठी क्रमांक लागतो, आणि तो बहुतेक वेळा कागदाच्या खालच्या कोपऱ्यात असतो. तुमच्या फोटोत नेमका कापला गेलाय तोच. मुद्दाम कापला असेल असं नाही, फोनवर फोटो काढताना माणसांची डोकीसुद्धा कापली जातात. पण पूर्ण फोटो मागा, आणि सोबत गुणपत्रिकाही. खोटं प्रमाणपत्र बनवणारे बरेचदा गुणपत्रिकेचा त्रास घेत नाहीत.

विद्यापीठाची पदवी असेल तर काम आणखी सोपं, बऱ्याच देशांत त्यासाठी सरळ सोय आहे. भारतात डिजिलॉकर, ब्रिटनमध्ये हेड (HEDD) ही सेवा, अमेरिकेत नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊस. डिजिलॉकर असेल तर तिने तुमच्यासमोर स्वतःच्या फोनवर उघडून दाखवायचं. स्क्रीनशॉट नको. मात्र छोट्या खासगी डिप्लोमांची नोंद अशा ठिकाणी बहुधा नसते. तिथे सापडलं नाही म्हणजे खोटं, असा निष्कर्ष काढाल तर एखाद्या बिचारीवर अन्याय होईल.

परवानगी आधी घ्या, आणि लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘हो, विचारा’ही चालेल. ही नुसती सभ्यता नाही, बऱ्याच संस्था विद्यार्थिनीच्या संमतीशिवाय तोंडच उघडत नाहीत. आणि परवानगी मागताक्षणी ज्यांचं प्रकरण कच्चं असतं त्यांतल्या काही जणी आपणहून गळतात, तुमचं काम तिथेच संपतं.

‘संस्था बंद झाली’ हे उत्तर मला नेहमी अर्धवट वाटतं. खोटं म्हणत नाही, अर्धवट. खासगी संस्था बंद पडतात, रोज पडतात. पण ती कुठल्या बोर्डाशी किंवा विद्यापीठाशी संलग्न असेल तर परीक्षेचं रेकॉर्ड त्या मोठ्या संस्थेकडे असतं, आणि ते बंद होत नाही. म्हणून विचारा: संलग्न कुणाशी होती? परीक्षा कुणी घेतली? तेव्हाच्या एखाद्या शिक्षिकेशी किंवा वर्गातल्या मैत्रिणीशी बोलता येईल का? संस्था कुणाशीच संलग्न नव्हती असं निघालं तर त्या डिप्लोमासमोर ‘पडताळता आला नाही’ असं लिहा आणि पुढे चला. ‘पडताळता आला नाही’ आणि ‘खोटा निघाला’ यांत फार अंतर आहे.

आडनावाचं मात्र डोक्यातून काढून टाका. लग्नाने बदलतं, घटस्फोटाने बदलतं, कधी टाइप करणाऱ्याच्या कृपेने बदलतं. सरळ विचारा, जुन्या नावाचं एखादं ओळखपत्र बघा, विषय संपला. जन्मतारीख जुळते का, तिकडे जास्त लक्ष द्या. मूळ कागद आईकडे असेल तर आईला व्हिडिओ कॉल लावून दाखवता येतो, पाच मिनिटांचं काम. आणि मूळ कागद कधी हातात आलाच तर बघून लगेच परत करा. ‘राहू दे आमच्याकडे’ म्हणून बाईची मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून घेणारी घरं मी पाहिली आहेत. ती पडताळणी नव्हे, दावणीला बांधणं झालं. तिचा कागद व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘कुणी ओळखतं का हिला?’ म्हणून टाकू नका, हेही सांगून ठेवते.

या सगळ्याहून मला स्वतःला आवडणारा मार्ग म्हणजे गप्पा. तुमच्या ‘डिप्लोमा आवश्यक’ला घाबरून कागद आणलेली आणि खरोखर वर्गात बसलेली, यांतला फरक अर्ध्या तासाच्या बोलण्यात कळतो. ‘कोर्समध्ये काय शिकवलं?’ विचारू नका, त्यावर पाठ केलेली यादी येते. ‘प्रॅक्टिकलला काय करायचात? सगळ्यात कंटाळवाणं काय वाटायचं? कुठल्या मॅडमची भीती वाटायची?’ असं विचारा. माँटेसरी खरोखर केलेल्या बाईला गुलाबी मनोऱ्याबद्दल विचारून बघा. लाकडाचे दहा ठोकळे, सगळ्यात लहान एक सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा दहाचा. मुलाने ते एकेक करून उचलून आणायचे असतात आणि एकेक करून परत न्यायचे असतात. ज्या बाईने ते स्वतः केलंय, तिचे हात बोलता बोलता आपोआप ठोकळा धरल्यासारखे होतात. शिवाय असल्या कोर्सला विद्यार्थिनी वह्या बनवतात, जाडजूड, चित्रं काढलेल्या, प्रत्येक साधन मुलापुढे कसं मांडायचं याच्या. ‘तुमच्या वह्या अजून आहेत का हो?’ विचारा. मेहनतीने बनवलेली वही सहसा कुणी टाकत नाही. संस्था बंद पडली तरी वह्या उरतात.

आता जो कागद तुम्ही मागितलाच नाहीत त्याबद्दल. बाळांच्या प्रथमोपचाराचा. माझ्या दृष्टीने तुमच्या घरासाठी डिप्लोमापेक्षा तो दसपट मोलाचा, आणि पडताळायलाही सोपा. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षं चालतं आणि त्यावरचा कोड त्यांच्या वेबसाइटवर टाकला की खरं-खोटं लगेच कळतं. ब्रिटनमधलं बालप्रथमोपचाराचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. ही मुदत उगाच नसते. बाळाचं हृदय बंद पडलं तर छाती दोन बोटांनी दाबायची, असं वर्षानुवर्षं शिकवलं जायचं. २०२५ सालच्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सूचनांमधून ती दोन बोटांची पद्धत काढून टाकली गेली. आता एका तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने किंवा दोन्ही हातांनी छातीला वेढून अंगठ्यांनी दाबायला सांगतात. म्हणजे जुनं प्रमाणपत्र शंभर टक्के अस्सल असूनही त्यावर विसंबता येत नाही.

आणि कागद दाखवला तरी करून दाखवायला सांगा. ‘बाळाच्या घशात काही अडकलं, खोकताही येत नाहीये, रडूही फुटत नाहीये. काय कराल?’ डोकं खाली करून हातावर पालथं धरायचं, पाठीवर दोन खांद्यांच्या मधे पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब, आणि मदत बोलावायची. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नसतं, तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नसतं. ती बोलत बसते की बोलता बोलता बाहुली उचलून हातावर पालथी टाकते, ते बघा. मग विचारा, झोपवताना कसं झोपवाल? ‘पाठीवर’ हे उत्तर पटकन यायला हवं, आणि पाळण्यात उशी-खेळणी नकोत हे न विचारता आलं तर फारच छान. तिला यातलं येत नसेल पण बाकी सगळं मनासारखं असेल, तर कोर्सची फी तुम्ही भरा आणि सोबत तुम्हीही करा. नवऱ्यालाही न्या. तो जर म्हणतोय कागद नको माणूस हवा, तर माणसाने शिकावं की.

आधीच्या घरांशी बोलाल तेव्हा एक लक्षात ठेवा, दिलेला नंबर तिच्या बहिणीचाही असू शकतो. ‘कशी होती?’ यावर सगळे ‘छान’च म्हणतात. ‘तुमचं बाळ तेव्हा किती महिन्यांचं होतं? किती वाजता यायची? का सोडलं?’ हे विचारा आणि तेच प्रश्न तिलाही वेगळे विचारा. एजन्सीमार्फत आली असेल आणि एजन्सी म्हणत असेल ‘आम्ही सगळं व्हेरिफाय केलंय’, तर विचारा, कुणाला विचारलंत, कोणत्या तारखेला, आणि उत्तर दाखवता का? पुष्कळदा व्हेरिफाय म्हणजे झेरॉक्स काढून फाइलला लावलेली असते.

समजा खोटाच निघाला, तर? इथे माझं मत जरा कडक आहे, पण सरसकट नाही. आधी तिला विचारा. स्वतःच फसलेल्या मुली असतात, चांगली फी भरून बोगस संस्थेत गेलेल्या, ज्यांना आजही तो कागद खरा वाटतो. कोर्स अर्धा केलेल्या असतात, फी संपली म्हणून किंवा घरात काही झालं म्हणून. ‘ताई, शेवटची परीक्षा नाही दिली, पण जाहिरातीत डिप्लोमा हवाच होता म्हणून सांगितलं नाही’ असं कुणी तोंडावर कबूल केलं, तर मी ठेवेन. ही वेळ थोडी आपल्या त्या ओळीनेच आणलेली असते. पण पुरावा समोर ठेवल्यावरही जी गोष्ट बदलत राहते, आधी संस्था बंद, मग पुरात कागद गेले, मग मैत्रिणीने भरून दिलं, तिला नको. डिप्लोमासाठी नाही. दुपारी तीन वाजता मुलगी पलंगावरून पडली तर संध्याकाळी तुम्हाला ते खरं कळायला हवं, म्हणून.

आणि हे सगळं ती कामावर यायच्या आधी. तीन आठवड्यांनी मुलीला तिची सवय झाली की तुमचा नवरा काय, तुम्ही स्वतःच म्हणाल, जाऊ दे.

अपमानाचं म्हणाल तर तो तपासण्यात नसतो, चोरून तपासण्यात असतो. ज्यांना-ज्यांना बोलवाल त्या सगळ्यांना एकच नियम लावा आणि तो उघड सांगा. तिलाही तुमच्याबद्दल विचारायचा हक्क द्या. आधी कुणी होती का, ती का गेली, पगार कधी मिळणार. मी असा मेसेज पाठवला असता, हवा तर उचला:

‘ताई, तुमचं आणि मुलीचं छान जमलं, आम्हाला खूप बरं वाटलं. नक्की करायच्या आधी आम्ही सगळ्यांचेच कागद तपासतो, तसे तुमचेही तपासू. डिप्लोमाचा पूर्ण फोटो, खालच्या नंबरासकट, आणि गुणपत्रिका पाठवाल का? संस्था कुठल्या बोर्डाशी जोडलेली होती तेही कळवा, आम्ही तिथे विचारू, तुमची हरकत नाही ना? आडनाव बदललंय, तर जुन्या नावाचं काही असेल ते येताना आणा. काही राहिलं असेल, अर्धवट असेल, तर आत्ताच सांगा, त्याने काही बिघडणार नाही. तुम्हालाही आधीच्या ताईंशी बोलायचं असेल तर नंबर देते.’

‘त्याने काही बिघडणार नाही’ हे वाक्य खरंच तसं वागणार असाल तरच ठेवा, नाहीतर काढून टाका. उत्तर काय येतं ते मला कळवा. घरात बाहुली नसेल तर विकत आणू नका, गुंडाळलेला टॉवेल चालतो.